अमानतीचं पपनस

रोपांच्या धंद्याची एक खोड आहे, ती आधीच सांगितलेली बरी. आज घेतलेलं रोप खरं की खोटं हे कळायला चार-पाच वर्षं जातात. भाजी किडकी निघाली तर माणूस संध्याकाळी परत येतो, टोपलीत टाकतो आणि वर चार शब्द सुनावून जातो. झाड कोण कुणाच्या टोपलीत टाकणार? फळ लागेस्तोवर विकणारा कुठल्या कुठे गेलेला असतो, आणि आपण आपले खतपाणी घालत बसलेलो असतो.

म्हणून तळोजा गावच्या मेहरुनने आपल्या परसात एक नेम ठेवला होता. ज्या झाडाचं रोप हवं, त्याचं फळ आधी चाखायचं. फळाचा हंगाम नसेल तर रोपही नाही. खारघरच्या टॉवरमधल्या बायका गाडीतून उतरायच्या त्या घाईतच. मेहरुन त्यांना ओट्यावर बसवायची, जामाची, करमळाची, रामफळाची फोड हातावर ठेवायची आणि म्हणायची, "आधी खा गो बाय. आवडला तर ने. मागाहून माझ्या नावानं बोटं मोडू नको." बायका हसायच्या, पण एकदा आलेली बाई पुढच्या खेपेला जावेला, बहिणीला घेऊन यायची. नवरा इसाक गेला तेव्हा फहाद लहान होता. त्याची शाळा आणि पुढचं कॉलेज या फोडींवरच निघालं.

आणि त्या सगळ्या परसाचं नाक म्हणजे पपनस. मेहरुनचे सासरे बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. त्यांनी ते रोप पिनांगहून आणलेलं, असं घरात सांगायचे. बाजारातलं पपनस बघा, वरून हे एवढं आणि सोलायला घ्याल तर नुसती साल. याची साल पातळ, आत गुलाबी पाकळ्या, आणि कडवटपणा औषधालासुद्धा नाही. याच्या फांदीला मुळं मात्र सहज धरत नसत, म्हणून याचं रोप कधी परसाबाहेर गेलं नव्हतं, फळंच तेवढी जायची. निकाह होऊन मेहरुन या घरात आली, तेव्हा सासूने तिला घर नंतर दाखवलं, झाड आधी.

नावड्याची जयमाला या झाडापायीच मैत्रीण झाली. आगऱ्याची पोर, डोक्यावर वालाच्या शेंगांची टोपली घेऊन दारावर आली होती. शेंगांच्या बदल्यात पपनस मागितलं, तिथेच ओट्यावर बसून खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या परसातलं पांढऱ्या जामाचं रोप घेऊन हजर. तेव्हापासून दोघींचा झाडाला झाड असा व्यवहार सुरू झाला. पाऊस पडायला लागला की नाक्यावर शेजारी शेजारी बसून दोघी रोपं विकायच्या. गुटी बांधायला जयमालाला मेहरुननेच शिकवलं. म्हणजे पेन्सिलीएवढी फांदी बघायची, बोटभर साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक सुतळीने आवळायचं, आणि आत पांढरी मुळं दिसली की फांदी कापून मातीत. अशी गुटी म्हणजे नवं झाड नव्हेच, जुन्या झाडाचाच एक हात. फळ तेच, गोडी तीच.

दरवर्षी पपनसाचं पहिलं फळ जयमालाच्या गणपतीपुढे जायचं, मग मेहरुनच्या घरात. यात दोन्ही घरी कुणाला काही वावगं वाटलं नाही. असं तीसेक वर्षं चाललं.

मग बिल्डर आला. तळोज्यात आता कुणाच्या दारात बिल्डर आला नाही, ते सांगा. शेजारची दोन घरं आणि मेहरुनचं घर पाडून तिथे इमारत उठणार होती, प्रत्येकाला फ्लॅट मिळणार होता. फहाद तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कमिशनवर काम करायला लागला होता. त्याला व्यवहार कळायचा, तेव्हा बोलणी त्यानेच केली. मेहरुनने एकच हट्ट धरला. मला तळमजला पाहिजे, आणि मागे मातीचा तुकडा पाहिजे. झाड जाणार ते जाणार, पण त्याची गुटी लावायला भुई नको?

घर बघायला कुलदीप शेठ स्वतः आले. हेच ते बिल्डर. आणि मेहरुनने काय करावं? दारात आलेल्याच्या हातावर फोड ठेवायची, ही जन्माची सवय. तिने पपनस सोललं. शेठनी एक पाकळी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. कर्जतकडे त्यांचं फार्महाऊस होतं, तिथे ते देशोदेशीची फळझाडं जमवायचे. डोळे उघडून म्हणाले, "हे झाड मला द्या."

"म्हातारं झाड उपटलं तर मरंल, शेठ," मेहरुन म्हणाली.

"मग कलम द्या."

"पाच गुट्या बांधल्या होत्या, एकीलाच मुळं धरली. ती माझ्या नव्या घराची हाय. तिला फांद्या फुटल्या की तुमालाच देईन पहिली."

शेठ हसले, काही हरकत नाही म्हणाले आणि अजून एक पाकळी मागून घेतली. मागून खाणारा माणूस मनाचा चांगला असतो, असा मेहरुनचा समज. समजच तो, फसायला कितीसा वेळ लागतो?

ती एकुलती गुटी डब्यात लावून मेहरुन रिक्षाने नावड्याला गेली. भाड्याची खोली पनवेलला तिसऱ्या माळ्यावर, तिथे झाड ठेवणार कुठे. डबा जयमालाच्या हातात देताना ती म्हणाली, "ही अमानत हाय. माझं घर उभं राहीपर्यंत तुझ्या मातीत ठेव."

"डोल्यांत तेल घालून सांभालीन गो मेहरू," जयमाला म्हणाली. "तू ये नि घेऊन जा." दोघी रडल्या. दुसऱ्या आठवड्यात घर पाडायला मशीन आलं, तेव्हा मेहरुन बघायलासुद्धा थांबली नाही. झाडाचा एक हात नावड्याला जिता होता, म्हणूनच तिला ते जमलं. नाहीतर ती बुंध्याला मिठी मारून बसली असती, आणि मग बसला असता बिल्डर डोकं धरून.

इमारत वर्षात होणार होती. बिल्डरचं वर्ष ते, लांबता लांबता पाच वर्षं झाली. मेहरुन दर गणपतीला नावड्याला जायची. घरात पाहुण्यांची ही गर्दी. जयमाला तिला मागच्या दारात नेऊन लांबून दाखवायची, "ती बघ तुजी अमानत." भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आधी गुडघ्याएवढं, पुढे छातीएवढं, वर हिरवीगार पानं डुलताना दिसायची. "शेल्या लय हायेत गो, तोंड घालतान," जयमाला म्हणायची. मेहरुन दारातूनच दुवा पढून त्या दिशेने फुंकर घालायची आणि पोटभर समाधानाने घरी यायची.

फळ मात्र लागत नव्हतं. गुटीचं झाड तिसऱ्या वर्षी तरी फळ दाखवतं, हे मेहरुनला कुणी शिकवायला नको. पण जयमाला म्हणायची माती खारी आहे, खाडी जवळ आहे, वेळ लागेल. मेहरुन तेच घोकायची. ज्यावर विश्वास ठेवायचाच असतो, त्याला कारणं काय हवी तेवढी सापडतात.

अखेर या वर्षी घराचा ताबा मिळाला. तळमजला, आणि मागे खरोखरच मातीचा पट्टा, एका अंगाला रस्ता. त्यात सिमेंटचे गोळे, तुटक्या टाइल, काय काय पुरलेलं. मेहरुनने गुडघे दुखत असताना ते सगळं वेचून काढलं. लाल माती आणवली, शेणखत मिसळलं, मधोमध खड्डा केला. फहाद येता-जाता म्हणायचा, "अम्मी, कशाला एवढी मेहनत?" ती म्हणायची, "तुझ्या दादाचं, माझ्या सासऱ्याचं झाड घरी यायचं हाय."

पाऊस नीट बसला तसं तिने शेवाळ, प्लास्टिक, सुतळी आणि चाकू पिशवीत घातला. पाच वर्षांचं झाड उपटून आणायचं नव्हतं तिला. ते जयमालाकडेच राहू दे, आपण त्यावर गुट्या बांधू, दोघींकडे झालं. अशा विचाराने ती न कळवताच नावड्याला गेली. जयमाला मासळी घ्यायला गेली होती. सून प्रिया म्हणाली, "बसा मावशी, आई येतीलच." मेहरुनला कुठला धीर? ती मागे गेली, बाभळीचे काटे काठीने बाजूला केले आणि फांदी धरायला हात आत घातला.

हातात काटा घुसला, चांगला बोटभर. आधी तिला वाटलं बाभळीचा आहे. पदराने रक्त पुसलं, फांदी वाकवून बघितलं. काटा पपनसाच्याच फांदीला होता. पानापानाच्या बगलेत एकेक, वरपासून खालपर्यंत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. पपनस बियांतून उगवलं की पहिली कित्येक वर्षं ते काट्यांनी भरलेलं असतं. फळाला आलेल्या जुन्या झाडाची गुटी अशी काटे घेऊन येत नाही. मेहरुनच्या झाडाला तिने आयुष्यात कधी असा काटा बघितला नव्हता, आणि त्याच्या हाताला तो येणार नव्हता. समोर उभं होतं ते कुठल्या तरी बियांचं झाड होतं. पाच वर्षं ती त्याला दुवा पढून फुंकर घालत आली होती.

मासळीची पिशवी घेऊन जयमाला मागच्या दारात आली आणि तिथेच थबकली.

"जयमाला, माझी गुटी कुठं हाय?"

"ती काय, तुज्या समोर."

"ही बियांची हाय."

"नाय गो, मातीचा गुन..."

"मातीला काटे येतात काय? मीच शिकवलेलं तुला, मनाच शिकवू नको."

जयमालाने पिशवी खाली ठेवली. मांजर आलं, पिशवीत तोंड घालायला लागलं, तरी तिचं लक्ष नव्हतं. मग ती पायरीवर बसली आणि खाली बघत बोलायला लागली. "फहाद आल्ता. तू ठेवून गेलीस नि चार दिसांनी. बोलला, मावशी, गुटी दे. शेठला पायजे. अम्मीला बोलू नको, तिच्याच भल्यासाठी हाय."

मेहरुनला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कोण आला होता?"

"तुजा फहाद. तुज्या पोटच्या पोराला मी नाय कसं बोलू, सांग?"

"मना विचारून बोलायचं."

"बोलनार होते. मग शेठनी प्रीतमला त्या साइटवर रेती-खडीचं काम दिलं." प्रीतम म्हणजे जयमालाचा मुलगा. "पोर दोन वर्सं घरात बसून होता गो. माजा हात दगडाखाली आला. मंग तुज्याच फलाचं बी लावलं मी. गनपतीपुढं ठेवलेल्या. मनात बोलले, नशिबात असंल तर तसंच निघंल."

"निघतं काय बियांचं तसंच?"

"नाय निघत," जयमाला म्हणाली. हे तीसुद्धा मेहरुनकडूनच शिकली होती.

आवळा देऊन कोहळा काढणारे लोक मेहरुनने धंद्यात पुष्कळ बघितले होते. त्यांचं तिला कधी काही वाटलं नाही, ते परके. हे मात्र केसाने गळा कापणं झालं. तीस वर्षं मेहरुनशेजारी बसून, तिचाच नेम पाळून जिने न चाखलेल्या फळाचं रोप कुणा अनोळखी बाईलासुद्धा दिलं नाही, त्या जयमालाने मैत्रिणीला दर गणपतीला दारात उभं करून खोटं झाड दाखवलं, आणि वर हाताला धरून मोदक खायला बसवलं. मुलाचं एक वेळ समजतं. तो आपणच वाढवलेला असतो, त्याच्या खोटेपणात आपलाही वाटा असतो. मैत्रीण आपण निवडलेली असते. तिने असं केलं की आपली निवडच खोटी ठरते, आणि त्याला कुणाकडे बोट दाखवता येत नाही. मेहरुनला हे फार लागलं.

"कुंपण शेळ्यांसाठी नव्हतं तर," ती म्हणाली.

जयमालाने मान हलवली. "तुज्यासाठी होतं."

प्रिया चहा घेऊन आली. मेहरुनने तिला जवळ घेतलं, तब्येत विचारली आणि चहा न घेताच निघाली. जयमाला रिक्षापर्यंत मागे मागे आली, मेहरू, मेहरू करत. मेहरुनने मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडू आलं असतं, आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

घरी फहाद जेवून पलंगावर पडला होता. मेहरुनने पिशवी खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "माझी गुटी तू शेठला दिलीस?"

मी नाही, असं तो म्हणेल, भांडेल, शपथ घेईल, अशी तिला वेडी आशा होती. फहाद उठून बसला आणि म्हणाला, "कोणी सांगितलं? मावशीने?"

मेहरुन खुर्चीत बसली.

"अम्मी, टेन्शन नको घेऊस, आधी ऐक," तो म्हणाला. "तळमजला काय फुकट मिळतो काय? नव्या इमारतीत आपल्याला तिसरा माळा लागला होता. मागचा पट्टा तर कुणालाच देणार नव्हते. शेठला झाडाचं वेड. मी म्हटलं, झाड मिळवून देतो, पट्टा आमच्या नावावर करा. तू झाड ठेवलं असतंस ना, तर लावलं कुठे असतंस? बाल्कनीत?"

मेहरुनने मनात उलटसुलट करून बघितलं. जमीन होती कारण झाड नव्हतं. झाड असतं तर जमीन नसती. पोराने तिला तिच्याच वस्तूने तिचीच वस्तू घेऊन दिली होती, आणि दोन्हींत तिच्या हाती खड्डा तेवढा राहिला होता.

"मग आता एक फांदी आणून दे," ती म्हणाली. "एवढं मोठं झालं असंल. एका फांदीनं त्यांचं काय जातं?"

फहादने फोन उगाच उलटा-सुलटा केला. "नाही जमणार. त्यांना ते दुसऱ्या कुणाकडे असलेलं नकोय. तशीच बोली होती. जुनं झाड तुटणार, तेव्हा हे एकच राहील, म्हणून तर ते तयार झाले. आता त्याला त्यांनी त्यांच्या आईचं नाव ठेवलंय. फार्मवर बोर्ड लावलाय. प्रदर्शनात बक्षीस पण आलं. मी शब्द दिलाय, अम्मी. मार्केटमध्ये शब्दावर चालतं सगळं."

"त्याला शब्द दिलास. नि मना?"

"तू कुठे शब्द मागितला होतास माझ्याकडे?"

खरं होतं. तिने मागितला नव्हता. पोटच्या पोराकडून शब्द मागून घ्यायचा असतो, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. दारात आलेल्या परक्या बाईला ती आधी चाखून बघ म्हणायची. स्वतः मात्र तिने घरातलं काहीच चाखून बघितलं नव्हतं.

तिने खिडकीतून मागे बघितलं. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं होतं. लाल माती कडेने विरघळत होती.

"मग ही माती तरी कशाला ठेवायची?" ती म्हणाली. "फरशी घालून टाक."

तिने हे म्हटलं ते रागाने, आणि खरं सांगायचं तर त्याने नाही म्हणावं म्हणून. नको अम्मी, असं काय बोलतेस, आपण दुसरं काहीतरी लावू, मी आणून देतो, असं काहीतरी. तेवढं जरी तो म्हणाला असता, तरी तिने सगळं गिळलं असतं. आईचं मन, त्याला कितीसं लागतं? ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

फहादचा चेहरा उजळला. लहानपणी जत्रेला नेते म्हटलं की उजळायचा, तसाच.

"खरंच म्हणतेस?" तो म्हणाला. "मी कधीचा बोलणार होतो, पण म्हटलं, तुला वाईट वाटेल. अगं, रस्त्याच्या बाजूने शटर काढलं आणि वर पत्रा टाकला की मस्त गाळा होतो. ऑफिस टाकता येईल मला. कळंबोलीला कुणाच्या तरी टेबलावर किती दिवस बसायचं? शेठ तर तेव्हाच म्हणाले होते, जागा गाळ्यालायक आहे म्हणून."

"तेव्हा म्हणजे कधी?"

"ॲग्रीमेंटच्या वेळी," फहाद म्हणाला. तो खण उघडून काहीतरी शोधत होता.

"म्हणजे झाड दिलंस तेव्हाच."

"हो ना," तो म्हणाला. त्याला खणात मोजायची टेप सापडली होती. ती घेऊन तो मागचं दार उघडून बाहेर गेला, खड्डा ओलांडून पलीकडच्या भिंतीशी उभा राहिला आणि टेपचं टोक त्याने दारात आलेल्या मेहरुनकडे सरकवलं.

"अम्मी, हे जरा तुझ्याकडच्या भिंतीला धर ना."

मेहरुन चिखलात उतरली आणि तिने ते धरलं.